चित्र कशावर काढायचं?



उन्हाळी पाठशाळा शिबिराच्या साहित्याची यादी सध्या फिरते आहे. यंदा त्यात ‘छोट्या वस्तूंवर चित्रकला’ असा एक तास ठेवलाय, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण यादीतल्या दोन ओळींवर मी अडले. ‘रंगवण्यासाठी शंख-शिंपल्यांचं पाकीट’ आणि ‘पिसं, मध्यम, 50 नग’. या दोन ओळी काढून टाकाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रुपवर दोन वाक्यांत लिहिलं की वाद होतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कागद सोडून भलत्याच वस्तूवर चित्र काढायचं हे मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे आलेलं फॅड आहे, असं काही जणींना वाटतं. तसं नाही. मूडबिद्रीला धवला, जयधवला आणि महाधवला यांच्या ताडपत्रांच्या पोथ्या आहेत, साधारण बाराव्या शतकातल्या. त्यांतल्या काही पानांवर रंगीत चित्रं आहेत. ताडपत्र लांबीला दोन फुटांच्या आसपास, पण रुंदीला तीन इंचांच्याही आत. त्यात दोरा ओवायला भोक पाडलेलं आणि बाकी जागा अक्षरांनी भरलेली. उरलेल्या चौकोनात तीर्थंकर, यक्ष-यक्षी, हात जोडून बसलेले श्रावक-श्राविका. कलाकाराला पानाची रुंदी वाढवता येत नव्हती, म्हणून त्यानं चित्र लहान केलं. चित्र छोटं काढायचं ते कशासाठी, हे मला त्या पोथ्यांवरून समजतं. लोकांनी ‘अबब’ म्हणावं म्हणून ते छोटं नव्हतं. तांदळाच्या दाण्यावर णमोकार मंत्राची 35 अक्षरं लिहून भिंगाखाली ठेवतात, ते मला म्हणूनच भावत नाही. वाचायचा मंत्र वाचता येऊ नये इतका लहान करायचा कशाला?

पुढे एकोणिसाव्या शतकात दोन प्रकार जोरात होते. मुर्शिदाबाद, पाटणा, तिरुचिरापल्ली इथले चित्रकार अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर चित्रं काढत. भिश्ती, शिंपी, सणांच्या मिरवणुका. स्वस्त, हलकी, आणि परक्या माणसाला गावी न्यायला सोपी. त्याच काळात दिल्लीत हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर बादशहा-बेगमांचे चेहरे रंगवत. हात दोन्हीकडे तितकाच बारीक चालायचा. पण एका चकतीमागे हत्तीचा जीव होता, दुसऱ्या पापुद्र्यामागे नव्हता. चित्राकडे बघून हा फरक कळत नाही, तो आपल्याला विचारून घ्यावा लागतो.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे नोंद दोन्ही बाजूंना करायची सवय अजून सुटलेली नाही. वस्तू कुठून आली ही एक बाजू, आणि रंगवून झाल्यावर ती कुठे जाणार ही दुसरी.

आता शंख-शिंपल्यांचं बघा. किनाऱ्यावर आपोआप पडलेला शिंपला लाटांनी घासलेला, फिका, कडा तुटलेला असतो. पाकिटात येतात ते गुळगुळीत, चकचकीत. तशी चकाकी बहुतेक वेळा आतला जीव जिवंत असताना बाहेर काढलेल्या शंखालाच असते. काही जातींच्या शंखांना तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि पाकिटात कुठली जात आहे ते आपल्याला ओळखता येणार नाही. ‘मग आपण गणपतीपुळ्याला गेलो की रिकामे वेचून आणू’ असं एकीनं सुचवलं. त्याचंही मला पटत नाही. पाठीवर शंख घेऊन चालणारा छोटा खेकडा तुम्ही पाहिला असेल. त्याला स्वतःचं कवच पुरेसं नसतं, तो रिकाम्या शंखात राहतो आणि मोठा झाला की मोठा शंख शोधतो. आपण त्याचं घर उचलून त्यावर फुलं काढायची?

पिसांबद्दल लगेच उत्तर आलं, ‘काकू, महाराजांची पिच्छी मोरपिसांचीच असते की!’ प्रश्न चांगला आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पिच्छीला मोरानं आपोआप टाकलेली पिसं घेतात, आणि पिच्छी असते ती बसण्या-उठण्याआधी जागेवरचे जीव हळुवार बाजूला करण्यासाठी. पाकिटातलं पीस गळालेलं की उपटलेलं हे मला सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही. आणि त्याचा उपयोग काय, तर भिंतीवर टांगणं.

पिंपळाच्या पानाबद्दलही सांगते, कारण ते सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. जाळीदार पान करायचं तर ते पंधरा-वीस दिवस पाण्यात कुजवतात, मग गर धुऊन काढतात. घरात पाणी गाळून वापरणाऱ्या आपण बायका, आपल्याला त्या बादलीत काय होत असेल हे सांगायला नको. जाळी न करता, गळून पडलेलं पान जाड वहीत दाबून वाळवलं तरी त्यावर रंग छान बसतो. थोडं कडक होतं, वाकवलं तर तुटतं, एवढंच.

ब्रश आणि रंगसुद्धा बघून घ्या. बारीक कामाचे जुने ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. मुंगसाच्या केसांचा ब्रश विकणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आता 0 आणि 00 नंबरचे सिंथेटिक ब्रश सहज मिळतात, तेच यादीत लिहा. काळ्या रंगाच्या ट्यूबवर ‘आयव्हरी ब्लॅक’ असेल तर तो हाडांच्या कोळशाचा असतो. ‘लॅम्प ब्लॅक’ म्हणजे काजळी, तो घ्या.

‘इतकं सगळं बघत बसलो तर मुलं शिबिराला येणारच नाहीत,’ असं एक तरुण आई मला म्हणाली. तिची काळजी खरी आहे, पाठशाळेतली संख्या दरवर्षी घटतेय. पण मुलांना हे पाळायचं ओझं वाटत नाही, त्यांना कोडं आवडतं. शिंपला कुठून आला हे एकदा सांगितलं की तीच घरी जाऊन आईला विचारतात. आणि चित्राचा तास मी बंद करा म्हणत नाहीये, फक्त पाकीट बदला.

माझ्या अनुभवात सर्वांत चांगला म्हणजे ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्प्याचा तुकडा. काळ्यावर पांढरा, पिवळा रंग असा उठतो की बघत राहावं. चकचकीत बाजूवर रंग टिकत नाही, सोलला जातो, म्हणून मागची खरबरीत बाजू घ्यायची. कडा आधी फरशीवर घासून बोथट करायच्या, नाहीतर मुलांची बोटं कापतील. साबणानं धुवून एक दिवस वाळवायचा, खडूनं रेघा काढायच्या, मग ॲक्रिलिक रंग. करवंटीला मेहनत जास्त. आधी सुरीनं शेंड्या खरवडायच्या, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 220 चा. पिस्त्याची टरफलं अगदी लहानांना द्या, त्यांच्या हातून ती हरवली तरी दुःख नाही. नदीतले ओले गोटे मी आणत नाही. पृथ्वीकाय, अप्काय दोन्ही आले, आणि आमचे हे हसतात ते वेगळंच.

काय काढायचं, यावर मात्र आपलं एकमत व्हायला हवं. भगवंतांची प्रतिमा नको. तो तुकडा टेबलावर, तिथून खुर्चीखाली आणि शेवटी केराच्या टोपलीत जाणार, आणि अविनय आपल्या हातून होणार. सावंतवाडीच्या गंजिफात 120 गोल पानांवर दशावतार असतात, लोक ते घेऊन खेळतात, मग आपल्याला काय हरकत, असं कुणी म्हणेल. ती त्यांची परंपरा, आणि ती पानं लोक जपून डब्यात ठेवतात. चाळीस मुलांच्या शिबिरात तशी काळजी घेतली जाईल असं मला वाटत नाही.

त्याऐवजी 24 तुकड्यांवर 24 लांछनं काढू. ऋषभदेवांचा बैल, चंद्रप्रभूंचा चंद्र, मुनिसुव्रतांचं कासव, महावीरांचा सिंह. मागे नाव लिहायचं, उलटे ठेवून ओळखायला लावायचं. नेमिनाथांचं लांछन शंख आहे, तेव्हा ज्यांना शंखच हवा होता त्यांनी तो कडाप्प्यावर काढावा. कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून नेमिकुमार लग्नाच्या वरातीतून परत फिरले, ती गोष्ट त्याच वेळी सांगता येईल.

ओटा बदलण्याचं काम कुणाकडे चालू असेल तर तळहाताएवढे तुकडे बाजूला काढायला गवंड्याला सांगून ठेवा. 24 लागतील, फुटतील म्हणून 30 धरूया.