मुरलेला शंग
चीनच्या युन्नान प्रांतातला कच्चा पु-अर चहा, म्हणजे शंग, नवा असताना जिभेला झोंबतो. इतका कडू-तुरट की पहिल्यांदा पिणारा कप बाजूला ठेवतो. वीसेक वर्षे मुरला की त्याच पानांना जुन्या लाकडाचा, कधी कापराचा वास येतो आणि घोट गेल्यावर घशात मागाहून गोडवा उमटत राहतो. मला या चहात सर्वांत आवडतो तो हाच मागाहून येणारा गोडवा. मोठ्या पानांचा हा चहा कढईत परततात, वळतात, उन्हात सुकवतात आणि वाफवून त्याच्या ढेपा दाबतात. ठरलेली ढेप ३५७ ग्रॅमची. दमट हाँगकाँगमध्ये ती लवकर मुरते, कुनमिंगच्या कोरड्या हवेत रेंगाळते. वर्षानुवर्षे थांबायला नको म्हणून १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ढीग भिजवून आंबवण्याची पद्धत बसवली गेली. असा आंबवलेला चहा वाईट नाही, पण मुरलेल्या शंगची खोली त्याला नाही. ढेप ठोकून फोडू नये, टोच्या आडवा घालून पापुद्रे अलगद सुटे करावेत, म्हणजे पान अख्खे राहते. झाकणाच्या छोट्या वाटीत शंभर मिलिलिटरला सहा-सात ग्रॅम पुरे. पाणी खळखळ उकळलेलेच हवे. पहिले पाणी ओतून टाका, दुसरे दहा सेकंदांत गाळा, पुढे वेळ वाढवत न्या. तीच पाने दहा वेळा तरी रंग देतात. आणि ढेपेला बुरशीचा कुबट वास असेल, तर दुकानदाराने तिचे वय कितीही सांगो, ती घेऊ नका.