हवेच्या खांबांचे घर

तंबूशी आपल्या घरांचा परिचय आहे तो मांडववाल्यामुळे. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी बांबू, कनाती आणि दोरखंड घेऊन त्याची माणसे येतात, दोन-तीन तासांत छप्पर उभे करतात आणि कार्य उरकले की सारे घेऊन जातात. आपण केवळ हिशेब चुकता करतो. त्यामुळे आपला तंबू आपणच उभारावयाचा आणि रात्रीही त्यातच मुक्काम करावयाचा, ही कल्पना व्यापारी कुटुंबाला प्रथम थोडी विनोदीच वाटते. आमच्याकडेही ती मुलांच्या हट्टातून आली. मात्र तिचा गंभीर विचार सुरू झाला तो सासूबाईंमुळे.

सासूबाईंचे वय बहात्तर. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. गेली चार वर्षे कुटुंब कोठेही मोकळ्या रानात निघाले की त्या स्वतःच म्हणत, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." घराला सांभाळण्याची गरज नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते. नेहमीच्या लहान घुमटाकार तंबूत माणसाला गुडघ्यांवर रांगत शिरावे लागते आणि आत गेल्यावर कंबरेत वाकूनच वावरावे लागते. ज्या व्यक्तीला जमिनीवर बसण्यास वैद्यांनी मनाई केली आहे, तिच्यासाठी तो तंबू म्हणजे बंद दार. आम्ही हवेने उभा राहणारा मोठा कौटुंबिक तंबू भाड्याने आणला तो या एका कारणासाठी. त्याच्या मध्यभागी साडेसहा फुटांची उंची असते आणि दारातून माणूस ताठ चालत आत जातो.

या तंबूची रचना समजण्यास सायकलचे चाक आठवावे. टायर ताणत नाही, आतील ट्यूब हवा धरते आणि दोहोंच्या मेळाने चाक कडक होते. येथेही तसेच आहे. कमानीच्या आकारात शिवलेली, न ताणणारी जाड कापडी बाही आणि तिच्या आत प्लॅस्टिकची हवाबंद नळी. पंपाने हवा भरली की जमिनीवर लोळणारी ती बाही हळूहळू उठते आणि छप्पर आपल्याबरोबर वर नेते. कल्पना तशी जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1917 साली रणांगणावरील इस्पितळासाठी हवेच्या दाबावर उभ्या राहणाऱ्या तंबूचे पेटंट मागितले होते. त्याच्या आराखड्यात मात्र हवा खांबांत नव्हे, तर माणसांच्या वावराच्या पोकळीतच भरावयाची होती.

आणलेला तंबू आम्ही प्रथम दुकानाच्या वजनकाट्यावर ठेवला. पिशवीसह भरला एकवीस किलो. म्हणजे हा खांद्यावर घेऊन गड चढण्याचा माल नव्हे. मोटार जेथवर जाते तेथवरच त्याची धाव. नंतर गोदामाच्या पटांगणात तो एकदा उभारून पाहिला. कोणत्याही नवख्या कुटुंबाने हे अवश्य करावे, कारण पिशवीत काय कमी आहे याचा शोध अंधारात, परक्या माळावर लागणे इष्ट नव्हे. वेष्टनावर लिहिलेली मिनिटे केवळ हवा भरण्याची असतात. आमच्या चिरंजीवाने तीन कमानी नऊ मिनिटांत भरल्या. परंतु पिशवी उघडण्यापासून शेवटचा तणावा ताणेपर्यंत पाऊण तास लागला. कपड्याचा व्यापार असणाऱ्या वाचकांना यातील कापडाची परीक्षा आवडेल. पॉलिस्टरच्या विणीवर आतून लेप दिलेला असतो आणि त्याची जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. तीन हजार मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर पाण्याचा तीन मीटर उंच स्तंभ उभा केला, तरच पाणी झिरपू लागेल. तळाचे कापड याहून चिवट असावे लागते, कारण तेथे माणसाचे गुडघे आणि टाचा टेकतात. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. पाऊस बहुधा शिवणीतूनच येतो.

"सहा माणसांचा" या शब्दांवरही फार विसंबू नये. ते माप सहा पथाऱ्या एकमेकींना खेटून घातल्या तर लागू पडते. सामान, वावर आणि एक खाट धरता त्यात चौघेपाच जणच सुखाने राहतात. आम्ही पाच होतो.

मुक्काम ठरला भंडारदऱ्यास, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. अकोले तालुक्यातील प्रवरेवरचे हे धरण 1926 साली पुरे झाले. जलाशयाच्या काठाने गावकरी कुटुंबे आपल्या शेतात तंबूला जागा देतात, पाणी पुरवतात आणि सांगितल्यास घरचे जेवणही देतात. आसमंताचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेव्हा मनास येईल तेथे मेखा ठोकण्यापेक्षा अशा शेतकऱ्याची परवानगीची जागा घेणे योग्य. आम्ही जागा निवडताना देखाव्याआधी शौचालयाचे अंतर पाहिले. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असेल तर रात्री दोन वाजता किती पावले चालावे लागणार, हाच पहिला प्रश्न असावा. आमची जागा तीस पावलांवर होती, वाट सपाट होती, आणि पाण्याच्या काठापासून वर असल्याने दवही थोडे कमी.

जमीन मुरमाड होती. तंबूबरोबर आलेल्या तारेसारख्या मेखा तिने दोन घावांत वाकविल्या. हे दृश्य पाहून शेतमालकांनी आपल्या घरून लोखंडी सळईच्या जाड मेखा आणून दिल्या, आणि मेख उभी न ठोकता तंबूपासून बाहेर झुकलेली ठोकावी, हेही दाखविले. हवा भरण्यापूर्वी वाऱ्याच्या बाजूचे कोपरे पक्के करावे लागतात. अन्यथा अर्धवट फुगलेला तंबू शिडासारखा पळू पाहतो. पंप हाताचाच होता. मोटारीच्या टायरमध्ये तीस पीएसआयच्या वर दाब असतो, तंबूच्या कमानीला सातच्या आसपास पुरतो. म्हणून पेट्रोल पंपावरील हवेचे यंत्र येथे निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरेल.

सासूबाई खुर्चीवर बसून हा सोहळा पाहत होत्या. कमानी उठल्या तेव्हा त्यांनी विचारले, "सूनबाई, वासा नाही, आढे नाही, मग हे टिकते कशावर?" मी म्हटले, "हवेवर, आई." त्यांनी जवळ जाऊन कमानीवर टिचकी मारली, पक्क्या नारळावर मारावी तशी. मग दार सरकवून, मान न वाकविता, आत गेल्या. त्या वेळी कोणी काही बोलले नाही. चिरंजीव पंपाची नळी गुंडाळण्यात अकारण फार वेळ रमले होते.

आत त्यांच्यासाठी घडीची खाट लावली होती. हवेची गादी आम्ही जाणून घेतली नाही, कारण तिच्यावरून उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो. खाटेच्या चारही पायांखाली फळीचे तुकडे ठेवले, म्हणजे तळाचे कापड फाटत नाही. भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपण्याची घरची रीत येथे मोठी सोयीची ठरली. थेपले, खाखरे, कोरडी चटणी आणि गावातील गरम दूध घेऊन साडेपाचलाच पाने उचलली गेली. रात्री तंबूत अन्नाचा कण नसला की मुंग्या आणि उंदीर यांनाही येण्याचे कारण उरत नाही. शेजारच्या एका मंडळींनी थंडीसाठी तंबूच्या दालनात कोळशाची शेगडी नेण्याची तयारी चालविली होती. शेतमालकांनी ती नम्रपणे पण ठामपणे बाहेरच ठेवविली. कोळसा विझत आला तरी त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद जागेत झोपलेल्या माणसाला त्यातून जाग येत नाही. उबेसाठी रजई वाढवावी, टोपी घालावी; ज्योत किंवा निखारा तंबूत कदापि नको.

मध्यरात्रीनंतर घाटाकडून वारा सुटला. कापड फडफडू लागले आणि मुले उठून बसली. विजेरीच्या उजेडात पाहिले तर वाऱ्याच्या प्रत्येक लोटाबरोबर कमान आत झुकत होती आणि पुन्हा सरळ होत होती. फायबरची काडी अशा वेळी तुटू शकते. हवेची कमान वाकते आणि सावरते. तथापि तिला सावरण्यास तणाव्यांची साथ लागते. यजमानांनी बाहेर जाऊन दोन तणावे पुन्हा ताणले आणि फडफड निम्म्याने कमी झाली. सासूबाई जाग्या होत्या. "लहानपणी आमच्या खळ्यावरच्या झोपडीला असाच आवाज येई," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

पहाटे दोन गोष्टींनी मंडळी साशंक झाली. एक म्हणजे कमानी किंचित सैल पडल्या होत्या. यजमानांनी तत्काळ "माल गळका आहे" असा निवाडा देऊन टाकला. वास्तविक तो थंडीचा परिणाम होता. दुपारी तीस अंशांच्या उन्हात सात पीएसआयपर्यंत भरलेली हवा पहाटे दहा अंशांवर आली की आकसते आणि दाब साधारण साडेपाचवर उतरतो. ऊन वर येताच कमानी आपोआप ताठ झाल्या. हाच नियम उलटही चालतो. थंड सकाळी पुरेपूर भरलेला तंबू भर उन्हात तसाच ठेवला तर दाब नको तितका वाढतो, म्हणून दुपारी थोडी हवा सोडावी. दुसरी शंका छताच्या आतील थेंबांची. पाऊस नव्हता, तरी हात लावताच ओल. पाच माणसे रात्रभर श्वासातून पाणी बाहेर टाकतात. ते थंड कापडावर जमते. झोपण्याच्या दालनाला आतून दुसरे विरळ कापड असल्याने अंथरुणे कोरडी राहिली. थंडीच्या भीतीने वरचे झरोके बंद केले असते, तर हे थेंब दुप्पट झाले असते.

विकत घ्यावा का, असे अनेक परिचित विचारतात. या तंबूची किंमत साध्या घुमटाकार तंबूच्या कितीतरी पट असते, आणि आपल्या घरांत दुकान बंद ठेवून बाहेर राहण्याच्या रात्री वर्षाकाठी किती? आमच्या घरी मोजल्या तर चार. या व्यवहारात भाडेच परवडते. अथवा तीन-चार चुलतघरांनी मिळून एक घ्यावा आणि तो वाळवून ठेवण्याची जबाबदारी एका नावावर लिहून ठेवावी. केवळ तरुण मंडळी असतील तर मला हा तंबू अनावश्यक वाटतो. काड्यांचा हलका तंबू त्यांना पुरे. घरात वाकता न येणारे कोणी असेल, तरच या अवजड पिशवीचे ओझे सार्थ आहे.

वाळविण्याचे महत्त्व मात्र दोन्ही पक्षी सारखेच. सकाळी दवाने भिजलेला तंबू घडी करून आणावाच लागतो, पण तसाच ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते आणि आतील लेप चिकट होऊन सुटू लागतो. आम्ही तो गोदामात दोरीवर दोन दिवस उलटसुलट टांगला, तळाची माती मऊ फडक्याने पुसली, मेखा मोजल्या आणि मगच परत केला. भाडेकऱ्यांकडून इतका कोरडा तंबू क्वचितच येतो, असे म्हणत मालकांनी अनामत पूर्ण दिली. फेब्रुवारीतील एका शनिवारसाठी तोच तंबू पुन्हा सांगून ठेवला आहे. सासूबाईंची सूचना एवढीच, की खाट दोन बोटे उंच असावी.