पावसाळा आणि रुग्णाचे अंथरूण



मृगाच्या सरी सुरू झाल्या की रत्नागिरीच्या घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. धुतलेले वाळत घालायचे कुठे? वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि हवा सतत दमट. धडधाकट माणसाची चादर एक दिवस उशिरा वाळली तर फारसे बिघडत नाही. परंतु घरात कोणी वृद्ध अंथरुणाला खिळून असेल, तर चादर हे केवळ कापड राहत नाही. ते शुश्रूषेचे साधन होते.

माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर दोन वर्षे अंथरुणावर होत्या. एका आषाढात सकाळी त्यांची कूस बदलताना अंगाखाली घडी घातलेला टॉवेल सापडला. रात्री चादर ओली झाली होती. पडवीतल्या दोरीवर आधीच तीन चादरी टांगलेल्या त्यांना खाटेवरून दिसत होत्या. म्हणून त्यांनी चालत्या हाताने उशाजवळचा टॉवेल ओलीवर सरकवला आणि उजाडेपर्यंत तशाच पडून राहिल्या. "तुझं धुणं वाढू नये म्हणून गं," एवढेच म्हणाल्या. त्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढी लाली दिसली. बोटाने दाबून सोडली तरी ती फिकी होईना. पुढे तिथे जखम झाली, आणि ती भरून यायला दिवाळी उजाडली.

ओल आणि शय्याव्रण

शय्याव्रण मुख्यतः एकाच जागी दीर्घकाळ पडलेल्या दाबामुळे होतात; म्हणूनच साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्यास सांगतात. ओल त्या दाबाला साथ देते. लघवीने किंवा घामाने भिजलेली त्वचा मऊ पडते, चादरीच्या घर्षणाने सोलवटते आणि दाब सोसण्याची तिची शक्ती कमी होते. चादरीची एक चुणीदेखील अशा त्वचेला रुतते. माकडहाड, नितंब, टाचा व घोटे रोज उजेडात पाहावेत. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्ण, कठीण किंवा दुखरा भाग हीच खूण समजावी. अशा जागी चोळू नये. दाब काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात अंथरूण-पांघरुणासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. रुग्णाच्या शरीरातून निघणारी ओल अंथरुणातच मुरते आणि ते हवेशीर न राखल्यास रुग्णालाच बाधते, हा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडच्या थंडीत जे खरे, ते कोकणच्या श्रावणात अधिकच खरे.

धुणे कमी होईल अशी रचना

आधी धुणे कमी करावे. गादीवर मेणकापड, त्यावर चादर आणि त्यावर पाठीपासून गुडघ्यांपर्यंत पोहोचेल अशी एक आडवी चादर अंथरावी. जुन्या सुती धोतराची किंवा नऊवारीची दुहेरी घडी यासाठी उत्तम. वापरून मऊ झालेले सूत ओल चटकन टिपते. मेणकापडाचा स्पर्श मात्र थेट अंगाला होऊ देऊ नये. बहुतेक वेळा एवढी आडवी चादर बदलली की भागते. रुग्णाला एका कुशीवर वळवून ओली चादर पाठीलगत गुंडाळत न्यावी, मागोमाग कोरडी पसरावी, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ओली काढून घ्यावी आणि कोरडी ताणून बसवावी.

धुण्याची रीत

मळलेली चादर झटकू नये. मळ आतल्या बाजूस ठेवून गुंडाळावी आणि अंगापासून दूर धरून न्यावी. विष्ठा लागली असल्यास हातमोजे घालून आधी ती शौचालयात टाकावी. रक्ताचे व विष्ठेचे डाग प्रथम थंड पाण्याने काढावेत. गरम पाण्याने ते पक्के बसतात. नंतर अशा चादरी घरच्या कपड्यांपासून वेगळ्या, साबण आणि सोसेल तितक्या गरम पाण्याने धुवाव्यात. यंत्राला तापमान निवडण्याची सोय असेल तर सुती चादरींसाठी ६० अंश ठेवावे. धुळीतील सूक्ष्म किडेही त्याने मरतात. साबणचुरा बेताचाच वापरावा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. उरलेला साबण म्हाताऱ्या त्वचेला खाज आणतो. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये टाळावीत, कारण त्यांनी सुताची ओल टिपण्याची शक्ती घटते.

ब्लीच केवळ पांढऱ्या सुतासाठी आणि पाकिटावरील प्रमाणातच वापरावे. शौचालय धुण्याचे आम्ल किंवा व्हिनेगर त्यात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

घरात खरूज आली असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. पावसात न धुता येणारी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवावी. माणसाच्या अंगापासून दूर खरजेचे किडे फार दिवस जगत नाहीत.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपली पाठही जपा. भिजलेली गोधडी एकट्याने उचलू नका, उकळत्या पाण्याचे पातेले उचलून नेऊ नका.

वाळवणे

ओल्या चादरी रुग्णाच्या खोलीत टांगू नयेत. त्या खोलीची हवा अधिक दमट होते, भिंतींवर बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत दोऱ्यांमध्ये हातभर अंतर ठेवून चादरी एकेरी पसराव्यात, खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा. चुलीवर वा गॅसच्या वर कापड वाळवण्याचा मोह टाळावा. आग लागायला एक ठिणगी पुरते. शेवटचा दमटपणा गरम इस्त्रीने जातो. चादर वाळली की नाही हे गालाला लावून पाहावे. गार लागली तर ओल शिल्लक आहे. कुबट वास येणारी चादर पुन्हा धुवावी, अत्तराने वास झाकू नये.

गाद्या, उशा आणि गोधड्या आगोटीच्या दिवसांतच खडखडीत उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून ठेवाव्यात. पाऊस उघडल्यावर पुन्हा एकदा ऊन द्यावे. डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेली पांघरुणे वापरण्यापूर्वी चांगली वारवावीत; तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत.

नजरेसमोरच्या घड्या

ही सारी माहिती मला त्या आषाढापूर्वीही थोडीफार होती. माहीत नव्हते ते एवढेच, की खाटेवरचे माणूस दोरीवरच्या चादरी मोजत असते. आपल्यामुळे कोणाला कष्ट पडतात ही टोचणी त्याला ओलीहून अधिक बोचते आणि मग ते ओल लपवते. त्यानंतर मी जुनी धोतरे फाडून आठ आडव्या चादरी शिवल्या. ओल्या चादरी मागील दारी वाळत घालू लागले, आणि कोरड्या घड्या सासूबाईंना दिसतील अशा समोरच्या फडताळात रचल्या. काही दिवसांनी एका रात्री त्यांनी मला हाक मारली. "चादर ओली झाली गं. फडताळात अजून पाच आहेत, मी बघितल्यात."

आपल्या घरच्या रुग्णालाही त्या घड्या दिसू द्याव्यात. त्याने न संकोचता हाक मारली, तर त्याच्या त्वचेचे निम्मे रक्षण झाले असे समजावे.