घडीचा चाकू: पाच तारे धारेला मिळतात, दगा मात्र सांधा देतो

इंदापूर तालुक्यातल्या कळंब परिसरात बागायतदाराच्या खिशात मोबाइलच्या जोडीला सापडणारी वस्तू म्हणजे घडीचा चाकू. ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, मल्चिंग पेपरला भोक पाडायचे, डाळिंब फोडून दाणे भरलेत का ते पाहायचे, या सगळ्या कामांना तोच. पूर्वी हा चाकू बाजारात हातात घेऊन, दोन-चारदा उघडून-मिटून निवडला जायचा. आता तो मोबाइलवर तारे मोजून मागवला जातो.

अडचण इथेच आहे. ग्राहक 'समाधानी' आहे, असे सांगणारे हे तारे चाकूच्या बांधणीबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. ते का, आणि चाकू घेताना खरे काय पाहायचे, ते समजून घेऊ.

तारे नेमके कशाला मिळतात?

ऑनलाइन प्रतिक्रिया बहुतेक वेळा पार्सल आल्यावर दोन-चार दिवसांत लिहिली जाते. त्यात काय असते? 'धार जबरदस्त', 'हातात वजनदार वाटतो', 'पॅकिंग छान', 'पैसे वसूल'. यातले एकही वाक्य खोटे नसते. पण नव्या चाकूला धार असतेच. अगदी मऊ पोलादालाही कारखान्यात वस्तऱ्यासारखी धार काढता येते. ती आठवडा टिकते की हंगाम, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

चाकू सैल होतो तो दोन-तीन महिन्यांनी. तोवर बदलून घेण्याची सात-दहा दिवसांची मुदत कधीच संपलेली असते आणि दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी पुन्हा ॲप उघडून तारे कमी करायला कोणी जात नाही. चाकू फेकला जातो, पाच तारे तसेच राहतात. पुढचा ग्राहक तेच पाहून नवा मागवतो.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन प्रतिक्रियांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. प्रतिक्रिया लिहिणारा खरा आहे का, पैसे देऊन लिहून घेतली आहे का, अशा बाबींवर त्याचा भर आहे. तो आवश्यकच आहे. पण इथला प्रश्न खोट्या प्रतिक्रियेचा नाही. खऱ्या माणसाने प्रामाणिकपणे, पण फार लवकर दिलेल्या मताचा आहे.

घडीच्या चाकूत बिघडते काय?

साधा चाकू म्हणजे पाते आणि मूठ. घडीचा चाकू म्हणजे छोटे यंत्रच. त्यात फिरणारा भाग आहे आणि जिथे काही फिरते तिथे झीज आलीच. पाते ज्या खिळ्याभोवती फिरते तो सांधा हा या चाकूचा जीव.

स्वस्त चाकूत हा खिळा रिव्हेट ठोकून कायमचा बसवलेला असतो. भोक आणि खिळा यांत मुळातच थोडी जास्त फट असली, किंवा पाते आणि मुठीच्या मध्ये पितळेची अथवा नायलॉनची चकती घातली नसली, तर धातूवर धातू घासतो. शेतातली माती त्यात शिरली की ती पॉलिश पेपरचे काम करते. उसाचा किंवा फळाचा रस गेला तर चिकटा बसतो, पाते जड होते, मग आपण ते जोर लावून उघडतो आणि खिळ्यावर आणखी ताण येतो. काही महिन्यांत पाते डावी-उजवीकडे हलू लागते. रिव्हेट असेल तर ते घट्ट करायला ठोकाठोकीशिवाय उपाय नाही. स्क्रू असेल तर अर्धा फेरा पिळला की काम झाले. म्हणून सांध्याला स्क्रू आहे की रिव्हेट, ही चाकूच्या फोटोत सर्वात आधी पाहायची गोष्ट.

दुसरा भाग म्हणजे लॉक. इथे चूक झाली तर बोट जाते, म्हणून थोडे सविस्तर.

काही चाकूंना लॉकच नसते. मुठीच्या पाठीत एक स्प्रिंगपट्टी असते, ती पात्याला नुसते दाबून धरते. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्स कंपनी उभी राहिली. तिच्या प्रसिद्ध लाल चाकूच्या नेहमीच्या लहान मॉडेलांतही अशीच रचना आहे. म्हणजे लॉक नसणे हा दर्जाचा दोष नाही. मात्र असा चाकू कापायला वापरायचा, भोसकून भोक पाडायला नाही. टोक अडकले की पाते उलटे मिटते आणि वाटेत बोटेच असतात.

दुसऱ्या प्रकारात मुठीच्या पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत अडकते. तिसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागे उभी राहते. बाजारात सध्या हा तिसरा प्रकार सर्रास दिसतो. ही पट्टी पात्याच्या टाचेवर पुरेशी टेकली पाहिजे. ती नुसती कडेला शिवत असेल तर लॉक नावापुरतेच. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूने १९५५ मध्ये यावर सोपा तोडगा काढला: सांध्यावर फिरणारी धातूची कडी. ती फिरवली की पाते मिटू शकत नाही. रचना साधी, त्यामुळे बिघडायलाही फार काही नाही. त्याची एक खोडही आहे. लाकडी मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते अडकते. थोडक्यात, नावाजलेल्या चाकूलाही आपला पावसाळा सोसतोच असे नाही.

पोलाद कोणते, हे कसे ओळखायचे?

पाकिटावर 'सर्जिकल स्टील', 'जर्मन टेक्नॉलॉजी', 'हाय कार्बन' असे काहीबाही छापलेले असते. यातल्या 'सर्जिकल स्टील'ला ठरलेली व्याख्याच नाही. उपयोगी माहिती दोनच गोष्टींत असते: पोलादाचा प्रकार आणि त्याचा कठीणपणा.

चिनी बनावटीच्या बऱ्याच पात्यांवर '३सीआर१३' किंवा '५सीआर१५एमओव्ही' असे कोरलेले असते. हे वाचणे सोपे आहे. पहिला आकडा कार्बन सांगतो: ३ म्हणजे सुमारे ०.३ टक्के, ५ म्हणजे ०.५ टक्के. 'सीआर'नंतरचा आकडा क्रोमियमची टक्केवारी. कार्बन वाढला की पाते अधिक कठीण करता येते, धार जास्त टिकते. क्रोमियम गंज रोखते. ०.३ टक्के कार्बनचे पाते लवकर बोथट होणार, पण सहज परजताही येणार.

कठीणपणा रॉकवेल या मापात मोजतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंचा तो साधारण ५६ असतो. हा आकडा जितका मोठा तितका चाकू भारी, असे मात्र नाही. फार कठीण पाते ठिसूळ होते, वाकवले तर तुटते. शेतातल्या चाकूला मध्यम कठीणपणाच बरा.

आणि चुंबकाची परीक्षा? 'चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे' हा भांड्यांच्या दुकानातला नियम चाकूला लागू होत नाही. भांड्यांत सहसा वापरतात त्या ३०४ प्रकारच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही. पण चाकूचे पाते उष्णता देऊन कठीण करावे लागते आणि त्यासाठी वापरले जाणारे स्टेनलेस चुंबकाला चिकटतेच. उलट पात्याला चुंबक अजिबात चिकटला नाही, तर धार टिकण्याबद्दलच शंका घ्या.

डाळिंबाच्या बागेत हिशेब वेगळा

तेल्या रोग पाहिलेल्या डाळिंब बागायतदाराला हत्यार निर्जंतुक करण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हा रोग जिवाणूमुळे होतो आणि छाटणीच्या कात्रीवरून, चाकूवरून एका झाडाचा दुसऱ्या झाडाला लागू शकतो. म्हणून हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून मग पुढच्या झाडाला लावायचा सल्ला दिला जातो.

पण हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचमधला घटक. साध्या कार्बन पोलादावर तो झपाट्याने गंज आणतो, हलक्या स्टेनलेसवरही बारीक खड्डे पाडतो. घडीच्या चाकूत हे द्रावण सांध्यात जाऊन बसते, तिथे ना फडके पोहोचते ना ऊन. त्यामुळे बाग वाचवणारी सवय चाकू मारते. उपाय अवघड नाही. काम संपले की साध्या पाण्याने चाकू उघडा धरून धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायचा. पण ही सूचना चाकूच्या पाकिटावर लिहिलेली तुम्ही कधी वाचली आहे का?

कोयत्याच्या बाबतीत असे का होत नाही?

याच पट्ट्यात ऊसतोडीचा कोयता घेताना कोणी तारे पाहत नाही. घिसाडी कारागिराने तो डोळ्यांसमोर ठोकलेला असतो, धारेला पाणी पाजलेले असते. पाणी नीट बसले नाही, धार मुडपली, तर कोयता त्याच्याकडे परत नेता येतो. बनवणारा माहीत असतो आणि वापरणाऱ्याची तक्रार त्याच्या कानावर जाते. दर्जा टिकतो तो याच साखळीमुळे.

घडीच्या चाकूने ही साखळी तोडली. बनवणारा कोण, हे कळत नाही. विकणारा महिन्याभरात ॲपवरून गायब होतो. तुटलेली साखळी ताऱ्यांनी सांधायची होती, पण ते सांध्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

कळंबला हा विरोधाभास अधिक बोचायला हवा. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनली, अणुऊर्जा प्रकल्पांचे भाग बनले, इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरचे सांगाडे बनले. अशा कामात पोलाद कोणते आणि किती कठीण, याचा कागद असल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्याच परिसरातला शेतकरी मात्र बोटाशी खेळणारे हत्यार कुठल्याही कागदाविना विकत घेतो. चाकूला अग्निबाणाची तपासणी नको, पण पाकिटावर चार ओळी तरी हव्यात.

मग करायचे काय?

माझे म्हणणे असे की, घडीच्या चाकूच्या पाकिटावर आणि ॲपवरच्या वर्णनात चार गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे: पोलादाचा प्रकार, रॉकवेल कठीणपणा, लॉक आहे की नाही व कोणते, आणि सांधा घट्ट करता येतो का. मार्च २०२४ मध्ये केंद्राने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. भांड्यासाठी हे होऊ शकते, तर मिटता मिटता बोट कापू शकणाऱ्या वस्तूसाठी चार ओळी जास्त नाहीत. 'स्वस्त चाकू महाग होतील' हा आक्षेप येईल. पण इथे चाकू सुधारायला सांगितलेले नाही, आहे ते छापायला सांगितले आहे. शाईचा खर्च तो किती!

तोवर, चाकू हातात आल्यावर मुदतीच्या आतच हे तपासा:

• उघडून मूठ घट्ट धरा आणि पाते पाठीकडून हलकेच हलवा. नवा चाकू डावी-उजवीकडे हलता कामा नये.
• मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसते का, की एका कडेला घासते, ते पाहा.
• लॉक लावून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने बेताचा दाब द्या, मुठीवरची बोटे पात्याच्या वाटेत न ठेवता. लॉक सरकले तर चाकू परत करा.
• बिल आणि उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सदोष वस्तूमुळे इजा झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादकाच्या दायित्वाची तरतूद आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

कायद्याची आणखी एक बाजूही माहीत हवी. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापात बसत नाही, तरी पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना तो घेऊन गर्दीत फिरू नये. विमानात तर हातातल्या बॅगेत चालतच नाही.

आणि शेवटचे, सर्वात सोपे काम. आज घेतलेल्या चाकूला आज तारे देऊ नका. एक छाटणी, एक पावसाळा जाऊ द्या. मग पाते हलवून पाहा आणि जे दिसेल ते लिहा: सांधा सैल झाला का, गंज कुठे आला, लॉक धरते का. पुढच्या ग्राहकाला तुमच्या पाच ताऱ्यांपेक्षा या तीन ओळींचा जास्त उपयोग होईल.