भाडं हप्ता फेडत नाही हो!

मंडळी, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात एक वाक्य जिलबीइतकंच हमखास असतं. "कर्ज काढून एखादा छोटासा वन बीएचके घेऊन टाक. भाड्याने दे. भाडं हप्ता फेडेल, वीस वर्षांनी फ्लॅट फुकटात तुझा!" सांगणारे कुणीतरी काका नाहीतर मावशीचे यजमान. ऐकणारा पंचविशीतला, नुकता नोकरीत कायम झालेला. आजूबाजूचे सगळे माना डोलावतात.

हे वाक्य खोटं आहे. अर्धसत्य वगैरे नाही, साफ खोटं. (मामा, रागावू नका, पण हे तुमच्यासाठीही आहे.)

कागद-पेन्सिल घ्या. बदलापूर म्हणा, तळेगाव म्हणा, तीस लाखांचा फ्लॅट धरू. भाडं उदार मनाने दहा हजार धरू. कर्ज चोवीस लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता येतो साधारण २०,८०० रुपये. त्यात पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच १७,००० आहे. म्हणजे दहा हजारांचं भाडं हप्ता तर सोडाच, व्याजसुद्धा फेडत नाही!

बरं, ते दहा हजार तरी पूर्ण हातात येतात का? सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजार धरा. अकरा महिन्यांनी भाडेकरू गेला की घर एखादा महिना रिकामं. नवा आणणारा एजंट एका महिन्याचं भाडं घेतो. घरपट्टी वर्षाला तीन-चार हजार. शिवाय तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते वेगळेच (सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, हे २००१ पासून ठरलेलं आहे, तरी कमिट्या जास्त मागून बघतात. असो.) रंग, गिझर, गळका नळ मी धरतच नाही. महिन्याला उरतात साडेसहा हजार. खिशातून जातात चौदा हजार, दर महिन्याला.

मी उलटा हिशोबही केला. साडेसहा हजारांत हप्ता बसवायचा तर याच व्याजाने, याच मुदतीला कर्ज किती काढता येईल? साडेसात लाख. उरलेले साडेबावीस लाख स्वतःचे हवेत. ज्याच्याकडे साडेबावीस लाख आहेत त्याला तुमचा सल्ला लागत नाही, आणि ज्याला तुम्ही सल्ला देता त्याच्याकडे ते नाहीत.

मग हे वाक्य आलं कुठून? माझं मत असं की अर्धं अमेरिकेतून आलं. 'रिच डॅड पुअर डॅड' १९९७ साली तिकडे निघालं, पुढे मराठीतही आलं, आणि भाड्याच्या घरांवर श्रीमंत होण्याची कल्पना आपल्याकडे रुजली. पण तिकडे तीस वर्षं एकाच व्याजदराचं गृहकर्ज ही सर्रास मिळणारी गोष्ट आहे. आपल्याकडचं कर्ज बहुतेक तरंगत्या दराचं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के! कुणाचा हप्ता वाढला, कुणाची मुदत पार निवृत्तीच्या पलीकडे गेली. भाडेकरूचा करार मात्र होता तिथेच.

उरलेलं अर्धं वाक्य आपल्याच वडीलधाऱ्यांच्या अनुभवातून आलं, आणि तो अनुभव खरा आहे. त्यांच्या काळात किमती झपाट्याने वाढल्या. शिवाय भाड्याने दिलेल्या घरावरच्या व्याजाचा सगळा तोटा पगारातून वजा करून टॅक्स वाचवता यायचा. ती सोय २०१७ साली वर्षाला दोन लाखांवर आणली गेली. आणि नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआपच लागू होते, व्याज भाड्यातून वजा होतं, पण वरचा तोटा पगारातून वजा होत नाही. म्हणजे "टॅक्स वाचतो की!" हे म्हणणं आता जुनी करप्रणाली मुद्दाम निवडणाऱ्यापुरतं उरलं.

"पण किंमत वाढेल ना?" वाढेलही. पण मग तसं स्पष्ट म्हणा की बाबा रे, हा भाव वाढण्यावर लावलेला डाव आहे आणि तो चालू ठेवायला तुला महिन्याला चौदा हजार भरावे लागतील. भाड्याचं नाव पुढे करून त्याला सुरक्षित गुंतवणूक कशाला म्हणता?

गंमत बघा, जिथे भाडं खरंच परवडतं तिथे बँक सहसा फिरकत नाही. भोसरी, चाकणकडे कामगारांसाठी बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा बघा. गुंतवलेल्या पैशाच्या मानाने भाडं चांगलं. पण कुठे बिनशेती नाही, कुठे मंजूर नकाशा नाही, म्हणून गृहकर्ज नाही. मग पतसंस्था, भिशी, बायकोचे दागिने. स्वस्त भाड्याची खरी घरं महागड्या पैशावर उभी राहतात, आणि स्वस्त पैसा जातो तो भाडं न परवडणाऱ्या फ्लॅटकडे.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो डाऊन पेमेंटचा. वरच्या उदाहरणात सहा लाख स्वतःचे, शिवाय मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे सहा-सात टक्के आणि नोंदणीचे तीस हजार. आठ लाखांच्या वर गेलं. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना सांगितलं की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देऊ नका (पुढे फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांना सूट मिळाली). हेतू उघड आहे, घेणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असावेत. आणि आपण काय करतो? पोराला पर्सनल लोन काढायला लावतो, नाहीतर बापाचा प्रॉव्हिडंट फंड मोडतो. आमच्याच घरात सध्या हेच चाललंय. पुतण्याच्या फ्लॅटसाठी दादाचे निवृत्तीचे पैसे निघायच्या बेतात आहेत. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी बघू" झालंय. बँकेने पगाराची स्लिप बघून कर्ज मंजूर केलं, भाडं किती येणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि हो, त्या घरात राहायला येणाऱ्याचाही विचार करा. ज्याला दर महिन्याला चौदा हजारांचा खड्डा पडतोय तो मालक नळ दुरुस्त करेल? तो डिपॉझिट कापेल, भाडं वाढवेल, कराराची नोंदणी टाळेल, जी महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने त्याचीच जबाबदारी आहे.

दादा, पुढच्या रविवारी मी घरी येतोय, हा कागद घेऊन. ज्या काका-मामांना हा हिशोब पटत नसेल त्यांनीही जरूर यावं. येताना फक्त भाडेकरार आणि कर्जाचं स्टेटमेंट, दोन्ही बरोबर आणावं. आणि तोपर्यंत टोकनचा चेक कुणीही फाडू नये.