श्रोते पुष्कळ, वाचक कोठे?

नाशिककर हा चांगला श्रोता आहे, असे म्हणतात आणि ते खोटे नाही. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेने या शहरातील कित्येक पिढ्यांचे कान घडविले. आम्ही ख्रिस्ती नाशिककर त्यात रविवारच्या प्रवचनाची भर घालतो. ऐकणे वाईट नव्हे. परंतु ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही. वक्ता बोलतो, आपण मान डोलावतो, टाळी वाजवतो किंवा 'आमेन' म्हणतो आणि घरी जातो. विचार ज्याचा होता त्याच्यापाशीच राहतो.

वाचनमंडळात असे चालत नाही. आठदहा माणसे महिनाभर एकच पुस्तक वाचतात आणि मग त्याविषयी बोलतात. तेथे 'आवडले' एवढे सांगून सुटका होत नाही. का आवडले, लेखकाचे म्हणणे खरे मानले तर आपल्या वागण्यात काय बदलावे लागेल, हे कोणीतरी विचारतेच. साहित्य आणि तत्त्वविचार यांची चर्चा करणाऱ्या अशा एखाद्या मंडळात सामील व्हा, असा आग्रह आम्ही आपल्या लोकांपाशी धरीत आलो आहोत. त्यावर जी उत्तरे मिळतात, त्यांचा समाचार घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिले उत्तर असे की, पुस्तके कोठून आणायची आणि जायला वेळ कोठे आहे? नाशकात राहून कोणी असे म्हणावे याचे नवल वाटते. येथील सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले 'सावाना', १८४० साली स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाहून ते सतरा वर्षांनी वडील. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या आणि ही कल्पना नाशिकच्या वेशीबाहेर, परदेशांतील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली. वेळेचे म्हणाल, तर २०२० च्या टाळेबंदीने अनेक बैठका पडद्यावर नेल्या आणि घरबसल्या चर्चा करण्याची सवय लावली. रात्रपाळी करणारी परिचारिका, तान्ह्या मुलाची आई, जिना उतरणे ज्यांना जमत नाही असे आजोबा आणि नोकरीसाठी आखातात गेलेला त्यांचा नातू एकाच चर्चेत बसू शकतात. सोय झाली आहे. इच्छा तेवढी हवी.

या सोयीचा एक धोकाही सांगितला पाहिजे. बोटाच्या एका स्पर्शाने सभासद होता येते. पुस्तक मात्र पानापानानेच वाचावे लागते. कोणा दुसऱ्याने केलेला सारांश चाळून चर्चेला येणारा सभासद हा पुन्हा श्रोताच! तसेच, असे मंडळ इंग्रजीतूनच चालले म्हणजे ते उच्च, हा समज आम्हांस मान्य नाही. कामू आणि सार्त्र यांना अवश्य वाचावे. परंतु त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आपल्या इतक्या जवळ असताना, त्यांच्या शिष्याने आणि धाकट्या बंधूने लिहिलेला 'अमृतानुभव' आपण एकदाही उघडू नये, हे कोणत्या रसिकतेचे लक्षण?

दुसरे उत्तर अधिक नम्र दिसते. तत्त्वज्ञान हा धर्मगुरूंचा आणि प्राध्यापकांचा प्रांत, आपण साधी माणसे, असे ते उत्तर. या नम्रतेला आम्ही आळस म्हणतो. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना कोणत्या पाठशाळेने तत्त्वज्ञान शिकविले होते? शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा सारा संसार मोडून पडला. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतः झगडल्या आणि स्वतःच्या बुद्धीने उत्तरापर्यंत आल्या, बाप्तिस्मा त्यानंतरचा. याला तत्त्वचिंतन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? 'स्मृतिचित्रे' आपल्या कपाटांत अभिमानाने उभे असते. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांतील विवाह ठरविताना आपण काय देतो, हे मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. वाचनमंडळात ते विचारले जाईल. म्हणूनच तेथे जाण्याचे आपण टाळतो की काय, अशी आम्हांस शंका येते.

तिसरे उत्तर हळू आवाजात दिले जाते : भलतीसलती पुस्तके वाचून श्रद्धा डळमळेल. निषिद्ध ग्रंथांची सूची रोमने १९६६ सालीच रद्द केली. आपल्या मनातील सूची अजून कायम आहे. संत थॉमस अक्वायनस ख्रिस्ती नसलेल्या अ‍ॅरिस्टॉटलला गुरुस्थानी मानीत आणि इब्न सिना, इब्न रश्द या मुस्लीम विचारवंतांशी वाद घालीत. त्यांच्या महाग्रंथाची रीत पाहा. प्रत्येक प्रश्नात आधी विरोधकांचे आक्षेप येतात, तेही दुबळे करून नव्हे, आणि मग स्वतःचे मत येते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०२४ साली साहित्यवाचनाच्या महत्त्वावर खास पत्र लिहिले. आपली मुले प्रश्न विचारीतच आहेत. घरात त्यांना गप्प केले, तर ती उत्तरे बाहेर शोधतील आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

येथे काही मित्र तडजोड सुचवितात : आपले आपल्यापुरते मंडळ काढू. आम्ही याला विरोध करतो. जेथे सर्वांच्या माना एकाच वेळी डोलतात, तेथे चर्चा कशाची होणार? आगरकरांचे निबंध वाचायचे तर ते पटणाऱ्या नास्तिकाच्या शेजारी बसून वाचावेत आणि 'स्मृतिचित्रे' वाचायचे तर नारायण वामनांचे धर्मांतर ज्याला आजही खुपते त्याच्यासमोर वाचावे. मात्र तेथे प्रचारक म्हणून जाऊ नये. समोरच्याने तेच पान वेगळे कसे वाचले, हे समजून घेण्याइतका संयम बरोबर न्यावा. आणि चुकलो तर 'चुकलो' म्हणावे, मराठीत.

कारण प्रश्न अखेर आपल्या मराठीचाही आहे. ज्या भाषेत आपण केवळ प्रार्थना म्हणतो आणि गीते गातो, परंतु शंका, वाद आणि विचार मात्र करीत नाही, ती भाषा आपल्या घरात किती दिवस टिकेल? मुलांची शाळा इंग्रजी, करमणूक हिंदी; मग मराठीसाठी उरते काय? रविवारचा एक तास!

तेव्हा आपल्या गल्लीतील, वाचनालयातील किंवा पडद्यावरील एखाद्या मंडळात या महिन्यात नाव घाला. पहिल्या बैठकीला न वाचता गेलात, तरी कोणी उठवून लावणार नाही. दुसऱ्या बैठकीला मात्र वाचून जा.