आधी हेल्मेट, मग गाडी



गेल्या महिन्यात मिरजेकडच्या एका भगिनींचं पत्र आलं. त्यांचा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला आहे. कॉलेज घरापासून पंधरा किलोमीटर, एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत. कुवेतला असलेल्या मामूंनी गाडीसाठी पैसे पाठवतो म्हणून सांगितलं आहे. मुलाला बॅटरीवरची मोटारसायकल हवी. अब्बा म्हणतात, बॅटरीचा काय भरवसा, पेट्रोलचीच घेऊ. भगिनी लिहितात, "दोघांचं भांडण कोणती गाडी घ्यायची याचं आहे. मला मात्र रात्री झोप लागत नाही ती गाडी येणार याचीच. मी काय सांगू?"

हे पत्र वाचून मला माझा धाकटा भाऊ आठवला. अकरा वर्षांपूर्वी तो असाच संध्याकाळी बेकरीतून पाव आणायला निघाला. हेल्मेट होतं, पण डाव्या कोपरात अडकवलेलं. अम्मीने हटकलं तर म्हणाला, "इथल्या इथे तर जातोय." वळणावर वाळू सांडली होती. गाडी घसरली, डोकं दुभाजकाला लागलं. वेग फार नव्हता, समोरून कोणी आलं नव्हतं, चूक कोणाचीच नव्हती. अल्लाहचे उपकार, तो वाचला. पण शिलाईच्या दुकानात कापड बेतणारा सर्वात सफाईदार कारागीर होता तो. आज एकच माप चार वेळा घेतो आणि तरी कागदावर लिहायला विसरतो. हेल्मेटला त्या दिवशी ओरखडासुद्धा आला नव्हता.

म्हणून ताई, पेट्रोल की बॅटरी हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न हा, की गाडीच्या पैशांत मुलाच्या डोक्याचे पैसे धरले आहेत का?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं? बहुतेक वेळा आपणच. आई, बायको, बहीण, शाळेतून आणलेलं मूल. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या बाईच्या डोक्यावर फक्त ओढणी, हे चित्र तुम्ही रोज पाहता. कायद्यात मात्र चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढे असो वा मागे, हेल्मेट सक्तीचं आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठीही २०२३ पासून नियम आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किमीच्या वर नको.

"हळूच तर चालवतो" असं मुलं म्हणतात, तेव्हा त्यांना एक साधा हिशेब सांगा. ताशी ४० किमी वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी ६० म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वरून. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण मुलाला बसू देत नाही, पण गाडीवर रोज बसवतो.

हेल्मेटमागची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव जुन्या मंडळींनी सिनेमामुळे ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात वावरलेला हा इंग्रज अधिकारी मोटारसायकलचा मोठा शौकीन होता. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये, आपल्या घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यानंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली तो छापून आला आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. लॉरेन्सही घराजवळच पडला होता आणि माझा भाऊही. 'इथल्या इथे' या शब्दांवर भरवसा ठेवू नका.

आता बॅटरीच्या गाडीकडे येऊ. अब्बांची शंका अगदीच अनाठायी नाही, पण जुनी झाली आहे. या गाड्या आता खेळणी राहिलेल्या नाहीत. २०१९ साली रिव्होल्टची मोटारसायकल बाजारात आली. २०२० मध्ये बजाजने चेतक हे आपलं जुनं नाव बॅटरीच्या स्कूटरला दिलं. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या पुण्याच्या टॉर्क कंपनीची क्रॅटोस आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ७७, जी ताशी १५० किमीच्या आसपास पोहोचते. २०२२ च्या उन्हाळ्यात काही स्कूटरना आगी लागल्या, हे खरं. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून त्याआधी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

पण मुलांच्या एका समजुतीला मला धक्का द्यायचा आहे. 'बॅटरीची गाडी म्हणजे साधी, सुरक्षित' असं नाही. पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला थोडा वेळ लागतो. बॅटरीच्या मोटरचा पूर्ण जोर मूठ पिळताक्षणी मिळतो. क्लच नाही, बहुतेक गाड्यांना गिअर नाही, त्यामुळे नवख्या हाताला गाडी पुढे उसळल्याचं उशिरा कळतं. दुसरी गोष्ट आवाजाची. आपल्या मोहल्ल्यातल्या अरुंद गल्लीत दादी-नानी कानावर भरवसा ठेवून रस्ता ओलांडतात, मुलं चेंडूमागे धावतात. गाडी आल्याचं त्यांना ऐकूच येत नाही. तेव्हा या गाडीवर बसणाऱ्याने गल्लीत सायकलच्याच वेगाने जायचं, ही अट आधी घाला. गाडी घेताना एबीएस ब्रेक आहेत का, हेही विचारा. ओल्या रस्त्यावर घाईत ब्रेक दाबला तर ते चाक जाम होऊ देत नाहीत.

शांत गाडीचा एक फायदा मात्र मला मनापासून आवडतो. सायलेन्सर बदलून अर्ध्या रात्री गल्ली हादरवणारी पोरं आपल्याही वस्तीत आहेत. मोठ्या रात्रींना आणि ईदच्या संध्याकाळी तिघे-तिघे बसून पुढचं चाक उचलणारीही आहेत. दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आवाज म्हणजे रुबाब, हेल्मेट म्हणजे भित्रेपणा, हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं? थोडं मोबाइलमधून आलं आणि थोडं आपल्याकडून, कारण अब्बाच जुम्माच्या नमाजला डोक्यावर फक्त टोपी घालून गाडीवर जातात. टोपी खिशात ठेवता येते, मशिदीच्या दारात घालता येते.

गंमत अशी, की गाडीचे खरे शौकीन उलट वागतात. लडाखपर्यंत गाडी नेणारी मंडळी पाहा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, कोपर-खांदे-पाठीला आतून कवच असलेलं जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. त्यांना ठाऊक असतं, की पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो आणि डांबर पहिल्यांदा तळहात सोलून काढतं. मुलाला 'बाइकर' व्हायचं असेल तर त्यांच्याकडूनच शिकू द्या.

आता खर्चाचा हिशेब. रोज जाऊन-येऊन ३० किमी आणि महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किमी. लिटरला ५० किमी धरले तर १५ लिटर पेट्रोल, सुमारे पंधराशे रुपये. बॅटरीच्या गाडीला शंभर किलोमीटरला चारएक युनिट वीज धरा, म्हणजे महिन्याला ३० युनिट. युनिटला १२ रुपये पडले तरी ३६० रुपये. महिन्याला हजार-अकराशे वाचतात. बॅटरीची गाडी घेताना महाग पडते, त्यामुळे ही सगळीच कमाई नाही. पण पहिल्या वर्षाची बचत मुलाच्या अंगावर खर्च करायची, असं ठरवून टाका. दोन महिन्यांत चांगलं हेल्मेट निघतं, पुढच्या दीड-दोन महिन्यांत हातमोजे, वर्ष संपता संपता जॅकेट. हेल्मेटसाठी मात्र थांबायचं नाही. ते गाडीच्या आधी घरात यायला हवं.

हेल्मेट घेताना आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदेशीर आहे. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळते ती टोपली, हेल्मेट नव्हे. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि मान हलवली तर ते डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं. आतला थर्मोकोलसारखा थर आपण चिरडून डोक्याला वाचवतो, म्हणून जोराचा एक मार बसला की वरून धडधाकट दिसणारं हेल्मेटही बदलावं लागतं.

भगिनींसाठी थोडं वेगळं. हिजाबवर हेल्मेट बसत नाही, ही सबब ऐकते. आत पातळ सुती टोपी घाला, त्यावर एकच पदरी स्कार्फ घ्या आणि पिना मात्र काढून ठेवा. मार बसला तर तीच पिन आत रुतते. हेल्मेट स्कार्फसकट घालूनच माप घ्या. बुरख्याचा घेर आणि ओढणीची टोकं मांडीखाली घट्ट दाबून बसा. मागच्या चाकाजवळची साडी गार्डची जाळी शोभेसाठी कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका.

घरी चार्जिंग करताना गाडी जिन्याखाली लावू नका. काही झालं तर सगळ्या इमारतीची बाहेर पडायची वाट तीच असते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, कंपनीचाच चार्जर वापरा आणि लांबून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या.

आणखी एक. ज्यांची मुलं पंधरा-सोळाची आहेत, त्यांना दुकानदार 'लायसन्स लागत नाही' म्हणून छोटी बॅटरीची स्कूटर दाखवतात. ताशी २५ किमी आणि २५० वॉटच्या आतल्या गाडीलाच ती सवलत आहे. वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी कायद्याने मोटारवाहन ठरते. लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाने मोटारवाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तर ताई, मुलाला हो म्हणा. मामूंना सांगा, पैसे दोन भागांत पाठवा, पहिला हेल्मेटचा. अब्बांनाही एक घ्या, तुम्हालाही एक. मुलाकडून एवढाच शब्द घ्या, की चावी फिरवण्याआधी पट्टा लागेल, मग बेकरी समोर का असेना.

माझ्या मुलाने गेल्या वर्षी गाडी घेतली. माझा भाऊ आता फारसं बोलत नाही, खूप गोष्टी विसरतो. पण भाचा निघाला की तो उठून दारात येतो, त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून पट्टा पाहतो आणि मगच जाऊ देतो. हे तो अजून एकदाही विसरलेला नाही.